तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे उभे डोंगर जमतात कसे?

दांडिया बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दाताच्या डॉक्टरकडेही मला हेच विचारलं गेलं: "काकू, आपलं बडोदं पोळपाटासारखं सपाट. मग हरिश्चंद्रगड, हरिहर असले उभे डोंगर तुम्हाला जमतात कसे?"

खरं सांगते, चढण्यात माझं कधीच अडलं नाही. शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं, दम लागला की थांबायचं, दोन घोट पाणी प्यायचं. चढ कितीही उभा असला तरी असा संपतो. माझं अडलं ते उतारावर.

पहिल्यांदा हरिश्चंद्रगडावर गेले, तेव्हा 1424 मीटरचा तो गड हसतखेळत चढले होते. कोकणकड्यापाशी बसून भाकरी खाल्ली. परतताना अर्ध्या वाटेत मांड्या लटलट कापायला लागल्या, घसाऱ्यावर पाय सटकला आणि दोन्ही तळहात सोलवटले. घरी आल्यावर दोन दिवस जिना उतरायचा म्हणजे कठडा धरून, एकेक पायरी.

मग कारण शोधलं. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी सगळं वजन पेलून ब्रेकही लावत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतो. गंमत अशी, की एकदा हे सोसलं की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढाच उतार पुष्कळ सहज पेलतो. म्हणजे उताराची तालीम उतारावरच होते. जिममध्ये ट्रेडमिल वर उचलून तासभर चाललात तर दम वाढेल, पण उतरण्याची सवय होणार नाही.

आणि ही तालीम तर आपल्या दारात आहे! पावागड इथून 50 किलोमीटरवर, उंची साधारण 800 मीटर. आपण सगळे काय करतो? माचीपर्यंत गाडीनं जातो, महाकालीच्या नावानं पायऱ्या चढतो आणि "आता पाय गेले" म्हणत रोपवेनं खाली येतो. ज्याची सवय हवी तेच नेमकं टाळतो. मी चांपानेरहून, जुन्या दरवाजांतून जाणाऱ्या पायवाटेनं चढते आणि पायीच उतरते. ते अवशेष 2004 पासून जागतिक वारशात आहेत. ते चढतानाच डोळे भरून बघायचे. उतरताना नजर वाटेवर.

उतरायची रीत मला तिथंच एका म्हाताऱ्या बाईनं शिकवली. डोक्यावर लाकडाची मोळी, पायात साध्या चपला आणि उतरत होती झपझप. माझी धडपड बघून थांबली, म्हणाली, "आडां ऊतरो, बेन." अंग थोडं आडवं, गुडघा किंचित वाकलेला, पावलं आखूड, तळवा पूर्ण टेकलेला. भीती वाटली की अंग आपोआप मागं कलतं, डोंगराला टेकायला बघतं. तिथंच घात होतो: वजन टाचेवर जातं आणि टाच पुढं निसटते. निघण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी आवळून घ्या आणि नखं कापलेली असू द्या. नाहीतर बोटं पुढं आदळून नखं काळी पडतात.

हरिहरची गोष्ट निराळी. त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ शिडीसारख्या उभ्या आहेत, आणि हातांसाठी बाजूला खोबण्या. तिथं तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे करूनच उतरायचं. दोन हात खोबणीत, एक पाय पक्का. हलतो तो फक्त दुसरा पाय. बुटाच्या टोकानं खालची पायरी चाचपत होते तेव्हा नाकासमोर वीतभर अंतरावर काळा, गार कातळ होता, आणि बोटांखाली खोबणीत साचलेली बारीक खडी टोचत होती. ती आधी फुंकरून काढली, मगच पकड घेतली. मागं वळून एकदाही बघितलं नाही. शनिवार-रविवारी मात्र तिथं जाऊ नका, माझं हे ऐकाच. चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद जिन्यावर समोरासमोर आले की कुणालाच हलता येत नाही.

गुडघे आधीपासून दुखत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाकी कुणाला यायचं असेल तर पुढच्या बुधवारी पहाटे पाचला सूरसागरच्या काठी उभ्या राहा. माचीवरून रोपवेचं तिकीट काढू, फक्त वर जायचं.