पंगतीची सीडी

लग्नाच्या सीडीवर नवरा-नवरीच्या फोटोचं गोल स्टिकर चिकटवायची टूम आमच्या गल्लीत मीच काढली. बदामात दोघांची तोंडं, खाली सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह'. गिऱ्हाईक खूश, आणि सेटमागं पन्नास रुपये जास्त. त्या स्टिकरनं काय करून ठेवलंय ते मला ऑगस्ट २०१९ मध्ये कळलं.

लग्नाच्या शूटिंगचं माझं दुकान सांगलीत, मारुती चौकाजवळ. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्यावर फूटभर सोडून मी फळी मारली आणि निर्धास्त झालो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर शटर उचललं, तर फळी होती तिथंच होती, पण तिच्यावरच्या दोन्ही हार्डडिस्क चिखलात. पंधरा वर्षांच्या कॉप्यांचे डबे त्याच फळीवर. एक कॉपी हार्डडिस्कवर, एक डिस्कवर, म्हणजे दोन ठिकाणी बॅकअप, असं मी सगळ्यांना छाती फुगवून सांगायचो. दोन ठिकाणं म्हणजे एकाच फळीची दोन टोकं.

चिखल काढायचं काम चालू असतानाच सांगलीवाडीच्या एक वहिनी आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात चार डिस्क. लग्नाच्या तीन व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर भरलेला व्हिडिओ, २००४ च्या, आणि मुलीच्या बारशाची एक डीव्हीडी. चारही माझ्याच हातच्या.

"दादा, तुमच्याकडं दुसरी कॉपी असंल न्हवं?"

मी फळीकडं बोट केलं.

"मामंजी दोन वर्षांमागं गेले. फोटो हायत त्यांचे, पण बोलताना फकस्त ह्यातच हायत."

शूटिंगची मूळ कॅसेट शिल्लक असण्याचा प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्यातली मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट म्हणजे कॉम्प्युटरवर सुमारे १३ जीबी. एका लग्नाच्या तीन कॅसेट धरल्या तर ४० जीबीला टेकतात, तेवढं साठवायला नऊ डीव्हीडी लागल्या असत्या. कोण साठवतोय? मिक्सिंग झालं की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न. सगळेच तसं करायचे, मीही केलं.

टँकरच्या पाण्याची बादली घेतली, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले आणि पहिली व्हीसीडी बुडवली. स्टिकर फुगलं होतं. मी नखानं कड उचलली, तर स्टिकरबरोबर डिस्कचा चांदीसारखा थरही उचलून आला, बर्फीवरचा वर्ख निघावा तशी. डिस्क उजेडाला धरली आणि तिच्यातून मला पलीकडं उभ्या वहिनी दिसल्या.

आपण सीडीची खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतो. खालून १.२ मिलिमीटर जाड प्लॅस्टिक असतं, तिथला ओरखडा बऱ्याचदा पुसूनही जातो. खरा माल, म्हणजे साठवलेला व्हिडिओ, असतो वर, चांदीपाशी, नावाच्या बाजूला, आणि त्याच्यावर फक्त लॅकरचा पातळ हात. माझं स्टिकर बसलं होतं नेमकं त्याच्यावर. दुसऱ्या डिस्कचंही तेच झालं. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बारशाच्या डीव्हीडीवरही तसलंच स्टिकर होतं. ते निघालं, गोंद राहिला, पण चांदी जागच्या जागी. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, माल त्यांच्या मधे. सँडविचच म्हणा. आतून बाहेरच्या दिशेनं पुसली, सावलीत वाळवली आणि ती सरळ चालली.

आणि आम्ही दुकानदार वर्षानुवर्षं भांडलो ते कोऱ्या डीव्हीडीच्या दोन जातींत प्लस (डीव्हीडी+आर) चांगली की मायनस (डीव्हीडी-आर), यावर. मायनस पायोनियरनं १९९७ मध्ये आणली, प्लस आर सोनी-फिलिप्सच्या गटानं २००२ मध्ये. खेड्यातले जुने प्लेअर मायनस गुमान घ्यायचे. प्लस द्यायची तर राइट करताना बुक टाइप, म्हणजे डिस्कची जात सांगणारी खूण, डीव्हीडी-रॉम (कंपनीतून छापून आलेली डिस्क) अशी करायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात. मायनसमध्ये जागा जास्त असं एक मित्र शपथेवर सांगायचा. असते, जेमतेम सात एमबी! दोन्हींवर ४.७ लिहिलेलं आणि कॉम्प्युटरवर दिसायचं ४.३८, त्यावरून 'माल कमी भरलाय' म्हणून माझ्याशी वाद घालणारेही भेटलेत. कंपनी हजारानं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ नं, एवढाच तो फरक. या सगळ्या भांडणात स्टिकरचं नाव कुणी काढलं नव्हतं.

तिसऱ्या व्हीसीडीवर स्टिकर नव्हतं. त्या दिवशी छापील कागद संपला असणार, कारण मार्करनं 'भाग ३' लिहिलं होतं आणि अक्षर माझंच होतं. चांदी शाबूत. पण व्हीसीडी हा मुळात नाजूक प्रकार. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यात, चूक दुरुस्त करायला जादा जागा राखलेली असते. व्हीसीडीत तीच जागा काढून व्हिडिओला दिलेली, म्हणून तर ७०० एमबीच्या सीडीत ८०० च्या आसपास मावायचं. एक बाइट हुकला की चित्रात चौकोन. दोन ड्राइव्हनी डिस्क बाहेर फेकली. भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हनं रडतखडत, सगळ्यात कमी स्पीडला, रात्रभरात उतरवली.

दुसऱ्या दिवशी लावली. अंतरपाट नाही, सप्तपदी नाही, ते सगळं पहिल्या दोन भागांत गेलं. या भागात पंगत. ताट घेऊन एक धोतरवाले गृहस्थ ओळीतून येतात, पाहुण्याच्या हातावरून जिलेबी टाकतात. चेहऱ्यावर नेमके चौकोन. आवाज मात्र स्वच्छ: "घ्या ओ, एवढ्यानं काय हुतंय!"

वहिनींनी ते चार वेळा लावायला सांगितलं. चौथ्या वेळी त्या हसल्या.

मग मी चांगल्यातल्या दोन मायनस काढल्या, सोळाच्या स्पीडची घाई न करता आठनं मारल्या, पुन्हा वाचून ताळा घेतला. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर, मार्करनं. वर एक पेन ड्राइव्ह. पैसे कसले घेतोय.

"एक घरी ठेवा. दुसरी सांगलीवाडीत नको, दुसऱ्या गावात ठेवा. माहेर कुठलं तुमचं?"

"जत."

"तिकडं पुराची भीती न्हाई ना?"

"दादा, तिथं प्यायला पाणी न्हाई, पुराचं काय घेऊन बसलाय!"