रेकिश पॅडी : पहिल्या सुरापाशी रेंगाळलेले तीन महिने

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की ‘रेकिश पॅडी’ ही आयरिश रील टिन व्हिसलवर, म्हणजे धातूच्या छोट्या उभ्या बासरीवर, दिवाळीच्या आत पूर्ण लयीत बसवीन. लयीत बसली आहे. पण तिचा पहिला सूर अजून हाती लागत नाही, आणि या रीलचा सगळा जीव त्या सुरातच आहे हे मला आता कुठे कळतंय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: रील म्हणजे आयरिश नाचाची द्रुत चाल. प्रत्येक बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका छोट्या फेऱ्यात, आठ झपाझप स्वर आणि आठ-आठ बारचे भाग. पाश्चात्त्य ‘डी’ स्वराला षड्ज धरलं, तर बहुतेक चाली षड्ज किंवा पंचमाच्या आसपास उभ्या राहतात. ही मात्र थेट ‘सी’वर, म्हणजे कोमल निषादावर उघडते आणि तिथेच ठिय्या देते. मग ‘डी’कडे येते, परत खाली ‘सी’कडे जाते. सबंध चाल या दोन घरांत ये-जा करते.

ही सवय तिने स्कॉटलंडहून आणली आहे. तिथल्या ‘कॅबर फे’ या चालीशी तिचं सख्खं नातं आहे. नावाचा अर्थ हरणाची शिंगं. मॅकेंझी कुळाच्या चिन्हावर सांबराचं डोकं असतं, ते हेच. दोन्ही चाली लागोपाठ ऐकल्या की दोन बारांतच नातं कानाला पटतं, कागद पाहायची गरजच पडत नाही.

तरी मी कागद पाहिलेच. सुरुवात फ्रान्सिस ओ’नीलपासून केली. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला हा माणूस 1901 ते 1905 शिकागोच्या पोलिसांचा प्रमुख होता, आणि 1903 साली त्याने 1850 चालींचा संग्रह छापला. त्याला स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो वाजवून किंवा गुणगुणून दाखवायचा आणि त्याचा नामबंधू, पण नात्यातला नसलेला, जेम्स ओ’नील ती कागदावर उतरवायचा. म्हणजे छापलेली प्रत्येक चाल आधी एका माणसाच्या कानातून आणि मग दुसऱ्याच्या पेनातून आलेली. त्यानंतरची आणखी लेखनं जमवली, रोमन अक्षरांत चाली लिहायच्या एबीसी लिपीतलीही. तिथे गाडं अडलं. कुणी ‘सी’ साधा लिहितो, कुणी एखाद्या बारमध्ये तीव्र, म्हणजे शुद्ध निषाद. महिनाभर मी यातलं बरोबर कुठलं हे शोधत बसले. भातखंड्यांच्या पुस्तकातून बंदिश उचलून गुरूंसमोर म्हणून पाहिलेल्या कुणालाही कागदावरचा सूर आणि गायलेला सूर यांतलं अंतर सांगायला नको.

कोडं सुटलं ते जॉनी डोरनच्या ध्वनिमुद्रणामुळे. डोरन इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवायचा. या वाद्यात वारा तोंडाने फुंकत नाहीत. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, बोटं चँटरवर, म्हणजे चाल वाजवायच्या नळीवर, आणि मनगट रेग्युलेटरच्या, म्हणजे साथीचे सूर देणाऱ्या नळ्यांच्या, चाव्यांवर. तो घोडागाडीतून बिऱ्हाड घेऊन जत्रा आणि शर्यतींच्या गावांमधून हिंडायचा. 1947 साली क्लेअर परगण्यातला फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) जॉन केली याच्या पुढाकाराने तो डब्लिनला आयरिश लोककथा आयोगाच्या कचेरीत आला आणि तिथे काही तबकड्या कोरल्या गेल्या. त्याचं वादन आपल्यापर्यंत पोचलं ते तेवढ्यावरच. 1948च्या जानेवारीत डब्लिनमध्ये एक भिंत त्याच्या गाडीवर कोसळली, त्यातून तो सावरला नाही. 1950च्या जानेवारीत गेला. मुद्रण वर्षभर लांबलं असतं तर आज काहीच उरलं नसतं. त्या तबकड्या लावताना दर वेळी हे मनात येतं आणि हात आपोआप जपून चालतात.

ऐकण्याची माझी पद्धत सांगते, कुणाला उपयोग होईल. जुन्या तबकडीचा वेग भरवशाचा नसतो, म्हणून ट्यूनरवर विसंबू नका. पाइप्समध्ये मागे एकच सूर धरून गुंजणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रोन, हा आपला तानपुराच. आधी त्यांच्याशी षड्ज जुळवून घ्या, मग वेग निम्मा करा आणि प्रत्येक ‘सी’ त्या षड्जाशी पडताळा. माझ्या कानाला जो सापडला तो धड कोमल नव्हता, धड शुद्धही नव्हता. कोमलाच्या वर चढलेला, कधी खालून घसरत आलेला आणि जागा बदलली की किंचित हललेला. जुने पाइपर ‘सी’ असाच घेत. कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेला नेहमीच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत चिन्ह नाही, म्हणून लिहिणाऱ्याने जवळचा शेजारी निवडला. भांडणारी दोन्ही लेखनं एकाच सुराची होती!

आता हातातलं. टिन व्हिसलवर ‘सी’ काढायची रूढ रीत म्हणजे वरचं छिद्र उघडं ठेवून दुसरं-तिसरं झाकायचं. त्यातून सूर ठाशीव निघतो, हलत नाही. मी बारा वर्षं बासरी वाजवली आहे. बासरीवर सगळ्यात वरचं छिद्र अर्धं दाबून शुद्ध मध्यम काढतो ना, व्हिसलवर त्याच छिद्रावर, त्याच अर्ध्या बोटाने ‘सी’ मिळतो. नाव वेगळं, जागा तीच. डाव्या तर्जनीचं टोक छिद्रावरून नखाएवढं मागे घेतलं की सूर वर सरकतो. संथ लयीत हे छान जमतं. पूर्ण वेगात मात्र बोट घाबरून छिद्र पुरतं उघडतं आणि थेट शुद्ध निषाद वाजतो. परवा चाळीस वेळा पहिला बार वाजवला, त्यात मनासारखा सूर सहादा लागला.

म्हणून दुसरा भाग सध्या बाजूला ठेवला आहे. रोज सकाळी तानपुरा ‘डी’ला लावून फक्त पहिले दोन बार, आधी निम्म्या लयीत, मग थोडं थोडं वाढवत. कुणाकडे ‘कॅबर फे’चं फिडलवरचं जुनं मुद्रण असेल तर कळवा. तिथला ‘सी’ कुठे बसतो, ते मला ऐकायचंय.