मुळाला कळलं नाही, कोंबाला कळलं

सर्पगंधेचं औषध मुळात, आणि मूळ उपटलं की झाड गेलं. म्हणून खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडून, झाड जिवंत ठेवून, बाजूची थोडी मुळं आणली. त्यांच्या तुकड्यांना बाटलीत कोंब फुटावेत यासाठी बेळगावातल्या आमच्या प्रयोगशाळेत धडपड चालू होती.

अडचण जीवाणूंची. मर्क्युरिक क्लोराईडने मूळ बाहेरून साफ होतं, आतले जीवाणू तसेच राहतात. दोन-तीन दिवसांत तुकड्याभोवती दुधट साय धरते आणि बाटली फुकट जाते. म्हणून तुकडे ज्यावर वाढतात त्या पोषक माध्यमातच प्रतिजैविक घातलं. काही बाटल्यांत सेफोटॅक्झिम, काहींत स्ट्रेप्टोमायसिन. सेफोटॅक्झिम उष्णतेने निकामी होतं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, निर्जंतुक केलेलं माध्यम हाताला सोसेल इतकं निवलं की ते जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून मिसळायचं. साय थांबली. दोन्हीकडची मुळं सारखीच पिवळसर-पांढरी, फुगीर दिसत होती. डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं.

मग एका सकाळी, बाटल्या ठेवतो त्या कल्चर रूममधून प्रयोगशाळेतल्या मामांची हाक आली. "मॅडम, हे बघा की. ह्यात हिरवं यालंय, त्यात पांढरं का यालंय?"

सेफोटॅक्झिममध्ये टाचणीच्या डोक्याएवढे हिरवेगार कोंब होते. स्ट्रेप्टोमायसिनमधले मात्र पोत्यात मोड आलेल्या बटाट्यासारखे फिकट, तेही रोज सोळा तास ट्यूबलाइटखाली राहून!

सेफोटॅक्झिम जीवाणूची भिंत बांधू देत नाही. वनस्पतीची भिंत सेल्युलोजची, तिला त्याचं काही नाही. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर बसतं, आणि वनस्पतीला हिरवं करणाऱ्या हरितलवकातले रायबोसोम त्याच जातीचे, कारण हरितलवकाचा पूर्वज जीवाणूच. मुळाला हिरवेपणाची गरज नाही. लिटरला 30 ग्रॅम साखर आयती मिळते, त्यामुळे झालेलं नुकसान तिथे दिसलंच नाही. कोंब फुटल्यावर उघडं पडलं. अब्जाहून जास्त वर्षांपूर्वीचं हे नातं मी वर्गात कितीदा शिकवलंय. त्या सकाळी बाटली हातात धरून पाहताना अंगावर काटा आला. मामांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे औषध घरच्यालाच लागलं."

पांढरे कोंब साखरेवर तगतील, मातीत नाही. हिरवे कोंब प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात हलवले, कारण सेफोटॅक्झिमने जीवाणू अनेकदा मरत नाहीत, नुसते दबून राहतात. एका बाटलीत साय परत आली. ती ऑटोक्लेव्ह करून टाकली. बाकीच्यांना आता मुळं फुटताहेत. पुढे कोकोपीटमध्ये रुळवायचे, आणि पाऊस धरला की जांबोटीला न्यायचे.