मठाचं गुपित आणि मिक्सरचं भांडं

डिसेंबर लागला की फोंड्याच्या आमच्या घरात मिक्सरचं मोठं भांडं चटणीच्या सेवेतून मोकळं होतं. लसणाचा वास पुरता गेल्याशिवाय त्यात व्हिस्की पडता कामा नये, हा वहिनीचा दंडक. गणपतीच्या चवथीला आमच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, शेजारी जातात, नाताळात तिकडून दोदोल आणि बेबिंक अशी मिठाई येते. ताट रिकामं परत पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून ही घरगुती लिकरची बाटली.

गोव्यात दारू स्वस्त, असं बाहेरच्यांचं लाडकं मत. इथल्या दारूपुरतं ते खरंही आहे. परदेशी लिकरची किंमत बघितली की मात्र बाटली आपोआप फळीवर परत जाते. आयात दारूवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क बसत आलं, त्याला दुकानदार तरी काय करणार? आणि लिकर म्हणजे शेवटी काय, तर दारू, साखर आणि एखादा छानसा वास. युरोपच्या नियमानुसार बहुतेक लिकरमध्ये लिटरमागे निदान 100 ग्रॅम साखर लागते. साखर आपल्याकडेही मिळते!

पण प्रत्येक बाटलीची नक्कल करायला जाऊ नये. फ्रान्समधल्या मठातले कार्थुजियन पंथाचे साधू शार्त्रूझ नावाची लिकर बनवतात, तीत म्हणे 130 वनस्पती असतात आणि पूर्ण कृती मोजक्या साधूंनाच ठाऊक असते. तिथे मुकाट्यानं हात जोडावेत. बेलीज या व्हिस्की-क्रीमच्या लिकरचं तसं नाही. 1973 साली लंडनमध्ये डेव्हिड ग्लकमन आणि त्यांचे भागीदार एका आयरिश कंपनीसाठी नवं पेय शोधत होते. दुकानातून व्हिस्की आणि क्रीम आणलं, कालवलं, चव काही जमेना. मग साखर आणि कॅडबरीची ड्रिंकिंग चॉकलेटची पूड घातली. ग्लकमन यांनीच पुढे लिहिलंय की हा सगळा खटाटोप पाऊण तासाचा होता. म्हणजे मूळ चीजच स्वयंपाकघरातली! तिची नक्कल करताना मला तरी कसलाही संकोच वाटत नाही.

आमचं प्रमाण ठरलेलं आहे: कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, पाव लिटर फ्रेश क्रीम, दीड कप व्हिस्की, दोन चमचे कोको, चमचाभर इन्स्टंट कॉफी, थोडा व्हॅनिला. कोको आणि कॉफी आधी चमचाभर कोमट पाण्यात घोटून घ्यायची, नाहीतर गुठळ्या तरंगतात. मिक्सर अगदी थोडा फिरवायचा. हौसेनं फिरवत बसलं की क्रीमचं लोणी होतं आणि व्हिस्कीतलं लोणी कुठल्याच पोळीला लावता येत नाही. कारखान्यात स्निग्धांशाचे कण इतके बारीक करतात की ते वर येतच नाहीत, घरच्या बाटलीत मात्र वर तवंग धरतो. हलवायची आणि ओतायची. फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवायची. लिंबू, कोकम असलं आंबट काही जवळपास फिरकू द्यायचं नाही, क्षणात फाटते.

संत्र्याची लिकर मला त्याहून आवडते, कारण तिच्यात फेकायची वस्तू कामाला येते. या दिवसांत बाजारात नागपुरी संत्री असतात. ती धुवून, पुसून वरची केशरी साल तेवढी पातळ काढायची. आतला पांढरा पापुद्रा कडू, तो एवढासाही नको. साली वोडकात घालून बरणी अंधारात ठेवली की आठ-दहा दिवसांत रंग साली सोडून वोडकात उतरतो. हातात घेतली तर साल कागदासारखी फिकी आणि कडक झालेली असते. गाळून त्यात साखरेचा थंड पाक घालायचा. कधीकधी पाक पडताच ती गढूळ होते. घाबरायचं कारण नाही. सालीतलं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. पाकातलं पाणी वाढलं की त्याचे बारीक थेंब सुटे होतात, एवढंच.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “व्हिस्कीच्या जागी फेणी घातली तर?” माझं उत्तर ठाम नाही असं आहे. काजूची फेणी कशातच लपत नाही. कोको, कॉफी, व्हॅनिला सगळे मिळून तिला झाकायला गेले तरी झाकण उघडताच घरभर समजतं. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिली धार, सौम्य, पण ती उन्हाळ्यातली, नाताळात आणायची कुठून? आणि 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवलेल्या फेणीनं परदेशी सोंग घ्यावं तरी का? तिची स्वतःची दुकशिरी आहेच की. अनंतमुळाची मुळं फेणीत मुरवली की मातीचा थंड, गोडसर वास येतो, साखरेचा कण नसताना. आमच्या काकांच्या कपाटात ती कायम असते. पोट बिघडलं, सर्दी झाली, पाहुणे आले, कारण कुठलंही चालतं. तिच्यात थोडा पाक घालून झोकदार बाटलीत भरायची आणि नाताळात वाटायची, असा प्रस्ताव वहिनीनं गेल्या वर्षी मांडला. काकांनी कपाटाची किल्ली खिशात टाकली आणि विषय चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवायच्या माटोळीवर नेला.