तुम्ही विचारलंत म्हणून: चौकोनी राक्षसांवर पोरं एवढी खूश का?

"ताई, ह्येचा कार्ड बिघडला काय?"

कुडाळला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत तासावर गेम खेळायला मशीन ठेवलेली आहेत. लॅपटॉपची बिजागरी बसवून मिळायची वाट बघत बसलेल्या माणसाची नजर मागच्या पडद्यावर जाते. तिथे ठोकळ्यासारख्या तोंडाचे, कडा कुरतडल्यासारखे दिसणारे राक्षस धावत असतात, आणि हा प्रश्न येतो. पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड धडधाकट आहे, गेम मुद्दामच तसा केलाय, असं सांगितलं की खरी चौकशी सुरू होते. आजच्या काळात तीस वर्षांपूर्वीसारखा दिसणारा गोळीबाराचा गेम कोण कशाला बनवेल? पैसे देऊन कोण घेईल? आणि घेणारे त्याला एवढं डोक्यावर का घेतात? शिक्षक विचारतात, गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, पोरांच्या आया तर विचारतातच. मी स्क्रू फिरवता फिरवता तुटक काहीतरी सांगते. आज सविस्तर लिहिते.

आधी मूळ. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या तेव्हाच्या छोट्या कंपनीनं १० डिसेंबर १९९३ ला 'डूम' बाहेर काढला. त्याचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ६४ हजार ठिपके. आजच्या साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाखांहून जास्त ठिपके असतात, सुमारे ३२ पट. डूममधल्या काही राक्षसांचे आधी खरेखुरे पुतळे केले होते. ते वेगवेगळ्या बाजूंनी कॅमेऱ्यानं टिपले आणि तीच सपाट चित्रं गेममध्ये नाचवली. तेव्हाच्या ४८६ चिपच्या मशीनला त्याहून जास्त झेपत नव्हतं. नड होती, दुसरं काय.

आता तेच हौसेनं करतात. डेव्हिड शिमान्स्की नावाच्या माणसानं बहुतांशी एकहाती केलेला 'डस्क' १० डिसेंबर २०१८ ला पूर्ण स्वरूपात आला. तारीख बघा, डूमला बरोबर २५ वर्षं झाली तो दिवस. त्याच्या पुढेमागे 'आयन फ्युरी', 'अल्ट्राकिल', 'प्रोडियस', 'कल्टिक', 'बोल्टगन' अशी रांगच लागली. या सगळ्यांना मिळून बूमर शूटर म्हणतात. बूमर म्हणजे थट्टेनं जुन्या पिढीचा माणूस, शूटर म्हणजे गोळीबाराचा गेम.

बहुतेक जण स्वतःच उत्तर देऊन टाकतात: जुन्या आठवणी, दुसरं काय. मला हे पटत नाही, आणि माझं कारण मागच्या खोलीत बसलेलं आहे. तिथली निम्मी पोरं जन्मली तेव्हा डूमला पंधरा वर्षं होऊन गेली होती. त्यांनी फ्लॉपी पाहिलेली नाही. त्यांना कसली आठवण येणार? उलट ज्यांनी तो काळ पाहिलाय, मुंबईच्या ऑफिसात साहेब जेवायला गेल्यावर चोरून डूम खेळलेत, ते काका-मामा मोठ्या हौसेनं खुर्चीत बसतात आणि थोड्याच वेळात डोकं धरून उठतात. "आमच्या वेळी एवढं जोरात नव्हतं." खरं तर तेव्हाही ते जोरातच होतं. वय वाढलंय आणि पडदाही तेव्हापेक्षा दुप्पट मोठा झालाय. आठवणीतला गेम आणि समोरचा गेम जुळत नाहीत तेव्हा सगळ्यात नाराज हेच लोक होतात.

मग पोरांना आवडतं काय? मागे उभी राहून त्यांचं बोलणं ऐकलं की कळतं. चित्राबद्दल ती पहिली काही मिनिटं बोलतात, तेही टर उडवायला. त्यानंतर सगळं बोलणं पळण्याबद्दल. २००१ च्या 'हेलो'नं एका वेळी दोनच हत्यारं जवळ ठेवायची पद्धत रुळवली. २००५ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी २'नं आडोशाला बसून राहिलं की जखम आपोआप भरण्याची सोय दिली. तेव्हापासून लढाईच्या गेममधला बराचसा वेळ भिंतीला पाठ लावून बसण्यात जायला लागला. बूमर शूटरमध्ये बसलात की मेलात. सगळी हत्यारं एकदम खांद्यावर, पायाला चाकं लावल्यासारखा वेग, आणि शत्रूनं फेकलेला आगीचा गोळा डोळ्यांना दिसेल इतका सावकाश येणार. तो चुकवायचा, बाजूनं घुसायचं, पुढचा. अल्ट्राकिलनं तर कमालच केली. तिथे तुमची जखम भरते ती शत्रूच्या रक्तानं, तीही अगदी जवळ गेलात तरच. म्हणजे जीव जायला आला की पळायचं पुढे, शत्रूच्या अंगावर. नवा पोरगा पहिल्यांदा हे शिकतो तेव्हा खुर्चीतून अर्धा उठलेला असतो.

चौकोनी चित्राचं काम इथे सुरू होतं. एवढ्या वेगात समोर काय आहे ते बघून विचार करायला वेळ नसतो. नुसत्या आकारावरून आणि रंगावरून ओळखावं लागतं की हा गोळा फेकणारा, हा अंगावर येणारा, हा लांबून टिपणारा. अंगावर घामाचे थेंब, कपड्याची वीण, झाडाचं पान न् पान असलेल्या चित्रात शत्रू हरवून जातो. ठोकळ्यांच्या चित्रात तो डोळ्यात खुपतो.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावायला मी दशावतार काढते. जत्रेच्या रात्री देवळासमोर एक पडदा आणि एक बाकडं. राजा बसला की त्याचं सिंहासन होतं. संकासुर आला की त्याच्या काळ्या मुखवट्यावरून आणि चालीवरून शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं कोण आलाय. बाकड्याला सोनेरी कागद का नाही लावला, असं आजवर कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. पण युद्धाच्या वेळी पाय मृदंगाच्या ठेक्यावर पडला नाही, की खाजं चघळत बसलेला म्हातारा तिथल्या तिथे आवाज देतो. प्रेक्षक ढिला नसतो. तो कशाबद्दल कडक राहायचं ते ठरवून आलेला असतो. डस्क खेळणारा पोरगा तसाच आहे. राक्षसाच्या नाकाला किती कोन आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बंदुकीचा आवाज आणि माणूस पडणं यांत एक क्षणाचा उशीर झाला, तर मात्र तो खवळतो.

एक कबूल करायला हवं, हे गेम नावाजले जातात त्यात थोडा हिशेबाचाही भाग आहे. हे गेम बहुतेक लोक स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतात. तिथे मत म्हणजे अंगठा वर किंवा अंगठा खाली, मधलं काही नाही. त्यामुळे 'शंभरातल्या ९५ जणांना आवडला' याचा अर्थ १०० पैकी ९५ मार्क असा होत नाही. ९५ जणांनी 'बरा आहे' म्हटलं तरी आकडा तोच येतो. शिवाय ज्याला फोटो बघूनच नको वाटलं, तो घेतच नाही, मग त्याचा अंगठा येणार कुठून? मोठ्या कंपनीचा चकचकीत गेम सगळेच घेतात, म्हणून त्याच्यावर शिव्याही सगळ्यांच्या पडतात. चौकोनी गेम घेणारा आधीच अर्धा राजी असतो. म्हणून मी आकडा बघत नाही. मताशेजारी तो माणूस किती तास खेळला ते लिहिलेलं असतं, ते बघते, आणि अंगठा खाली असलेली मतं आधी वाचते. आवडलेल्यांची मतं एकमेकांसारखी असतात. न आवडलेल्यांकडून गेम कळतो.

आणि राजी असलेला माणूसही तक्रार करतोच. २०२३ चा बोल्टगन घ्या. हत्यार हातात आल्यावर जड वाटतं, आवाज छातीत बसतो, यावर सगळ्यांचं एकमत. पण त्यात नकाशा नाही. किल्ली मिळाली, आता ते दार कुठे होतं, या शोधात पोरं त्याच त्या गल्ल्यांतून फिरत बसतात. डूममध्ये १९९३ सालीच नकाशा होता, मग जुन्या वळणाच्या नव्या गेममध्ये नको का? मला ही तक्रार शंभर टक्के रास्त वाटते. प्रोडियसचं दुखणं वेगळं. तिथे मेलात की जवळच्या टप्प्यावरून परत उठता, आणि तोवर मारलेले शत्रू मेलेलेच राहतात. काहींना ही सोय वाटते. माझ्याकडच्या जुन्या खेळाडूंना त्यात मजाच राहत नाही. मरणाला किंमत नसेल तर चुकवायचं कशाला? त्याच प्रोडियसमध्ये सपाट चित्रांऐवजी गोलाईचे राक्षस निवडायची सोय आहे. पोरं ते एकदा बघतात आणि परत चौकोनांवर येतात. हा प्रयोग मी शंका घेणाऱ्यांना मुद्दाम दाखवते.

'ह्रॉट' मात्र माझा स्वतःचा लाडका. १९८६ सालचं चेकोस्लोव्हाकिया, सगळं तपकिरी आणि करडं, मेट्रोची स्टेशनं, सरकारी इमारती. केलाय एका माणसानं, तोही पास्कल भाषेत. पास्कल! आमच्या डिप्लोमाच्या जुन्या पुस्तकात धूळ खात पडलेली. पोरांना त्याचा रंग आवडत नाही, "सगळा चिखलासारखा" म्हणतात. पण त्यातला तिरका विनोद लागला की सोडत नाहीत.

एक गैरसमज मला महागात पडतो, म्हणून तो इथेच फोडते. गेम १९९६ सालचा दिसतो म्हणजे जुन्या मशीनवर पळेल, असं समजून लोक माळ्यावरचा डबा खाली काढून आणतात. तसं नसतं. 'ॲमिड ईव्हिल' हा असाच एक गेम आणि बोल्टगन हे अनरिअल इंजिनवर, म्हणजे आजचे मोठे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, उभे आहेत. वरून साधं दिसणारं चित्र आतून आजच्याच पद्धतीनं उजळलेलं असतं. डस्क त्या मानानं गरीब. डाउनलोड मात्र यातल्या बहुतेकांचं आटोपशीर असतं, आणि आपल्याकडे ते मोलाचं आहे. पावसाळ्यात नेट रडतं तेव्हा शंभर जीबीचा गेम उतरवायचा विचारही करू नका. हे एकदा उतरले की नेटशिवाय एकट्यानं खेळता येतात, एक टप्पा थोडक्यात आटपतो, आणि मधेच लाईट गेली तरी जतन केलेल्या जागेवरून पुढे जाता येतं. कोकणातल्या पोरांनी हे गेम उचलले त्यात याचा वाटा मोठा आहे, पण मतांत ते कोणी लिहीत नाही.

डूमचा आतला कोड कंपनीनं १९९७ मध्येच खुला केला. आणि आजही त्याचे नवे टप्पे कोणीही बनवू शकतं. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या एका पोरानं 'अल्टिमेट डूम बिल्डर' वापरून सिंधुदुर्ग किल्ला केला. घरच्या गडग्याच्या जांभ्या चिऱ्यांचे मोबाइलवर फोटो काढले, ठिपके मोठे केले आणि तटाला चिकटवले. लांबून काय झकास दिसत होतं! खेळायला बसवलं तर सगळे तटाभोवती गोल गोल फिरताहेत. "दार खय असा रे?" हा गप्प हसतोय. सिंधुदुर्गाचा महादरवाजा बुरुजांच्या वळणाआड लपवलेला आहे, समोरून दिसतच नाही, आणि यानं तो तसाच केला होता. "म्हाराजांच्या काळात शत्रूक पण गावाक नाय," हे त्याचं उत्तर. किल्ला म्हणून बरोबर, गेम म्हणून लोक शिव्या घालताहेत. शेवटी त्यानं वळणावर दोन दिवट्या ठेवल्या. डोळा उजेडाकडे जातोच, त्यामागे पाय. दार सापडायला लागलं. मग दुसऱ्या दिवसापासून मतं आली की खूपच सोपा आहे.

आयांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. होय, यांत रक्त भरपूर आहे, आणि ते चौकोनी आहे म्हणून कमी होत नाही. शाळेच्या गणवेशातल्या पोराला मी या मशीनवर बसवत नाही.

थट्टेला मात्र यांत भरपूर जागा असते, आणि खेळणारे त्याचं कौतुक हत्याराइतकंच करतात. डस्कमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात साबणाची वडी लपवलेली आहे. ती फेकून मारली की कितीही मोठा राक्षस एका फटक्यात खलास. ती पहिल्यांदा सापडली की खोलीत जो आरडाओरडा होतो तो पुढे दुकानापर्यंत येतो.

स्वतः बघायचं असेल तर खर्च न करता सुरुवात करा. जीझेडडूम हा डूम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम आणि फ्रीडूम हे त्यात घालायचे टप्पे नि राक्षस, दोन्ही फुकट आणि कायदेशीर. ते रुचलं तर डस्क घ्या. स्टीमवर १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात, तेव्हा भीती नको. भोवळ येत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बघण्याचा कोन रुंद करा, चालताना होणारं डोक्याचं आणि हत्याराचं हलणं बंद करा, आणि खुर्ची पडद्यापासून थोडी मागे घ्या. डस्क सुरू होतो तो थेट तळघरात. तुमच्या दोन्ही हातांत विळे, समोर करवती घेतलेले तिघे. तिथे मागे मागे जाऊ नका, भिंत येते. बाजूला सरका.