दोन वणव्यांमधलं अंतर

हवामान बदलामुळे वणवे वाढतात म्हणजे नेमकं काय वाढतं? क्षेत्र, संख्या, धग, की आणखी काही? बातम्यांमधून मला याचं उत्तर मिळत नव्हतं. तिथे हेक्टरचा आकडा असतो, ज्वाळांचा फोटो असतो आणि 'हवामान बदल' हे दोन शब्द शेवटच्या परिच्छेदात येतात. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, उपग्रहचित्रांवर काम करते. तिच्यापाशी एकदा हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "नुसतं वाचत कशाला बसतेस? एक जंगल निवड, त्याची जुनी-नवी चित्रं उतरवून घे आणि जळालेला भाग स्वतः काढून बघ. चित्रं फुकट आहेत."

लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची चित्रं 2008 पासून सगळ्यांना खुली आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वनशास्त्र मी शिकलेले नाही, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही तेव्हा पहिल्यांदाच उघडलं. पुढचे दोन महिने रोज रात्रीचे दोन तास त्यात गेले.

जंगल निवडलं अमेरिकेतल्या यलोस्टोनचं. 1988 च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे 3 लाख 21 हजार हेक्टर क्षेत्र वणव्यांच्या कवेत आलं, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा 36 टक्के भाग. 20 ऑगस्ट या एकाच दिवशी वाऱ्याने आग साठ हजार हेक्टरवर नेली. हजारो माणसं लढत होती, पण जोर खऱ्या अर्थाने मोडला तो 11 सप्टेंबरला पडलेल्या पहिल्या बर्फाने. लँडसॅट 5 हा उपग्रह 1984 मध्ये वर गेला होता, त्यामुळे वणव्याआधीचं आणि नंतरचं दोन्ही जंगल एकाच डोळ्याने टिपलेलं आहे. संग्रहात हा भाग पाथ 38, रो 29 या पत्त्यावर सापडतो. तो पत्ता मला आता फोन नंबरासारखा पाठ आहे.

तत्त्व सोपं आहे. टवटवीत पान जवळचा अवरक्त प्रकाश (लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) भरपूर परत फेकतं, आणि त्यातल्या पाण्यामुळे लघुलहरी अवरक्त प्रकाश शोषून घेतं. जळालेल्या जमिनीचं याच्या उलट. उपग्रह हे प्रकाश वेगवेगळ्या क्रमांकांच्या पट्ट्यांत नोंदवतो. या दोन पट्ट्यांची वजाबाकी भागिले बेरीज केली की प्रत्येक पिक्सेलला एक आकडा मिळतो. वणव्याआधीच्या आकड्यातून नंतरचा आकडा वजा केला की किती जळालं ते कळतं. 0.1 च्या खाली जवळपास काहीच नाही, 0.66 च्या वर म्हणजे शेंड्यापर्यंत सगळं गेलं, अशी ढोबळ पट्टी. एक पिक्सेल 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद.

माझा पहिला नकाशा फसला. वणव्यानंतरचं चित्र मी हौसेने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या शेवटचं घेतलं. नकाशा तयार झाला तर उंचावरचे जळालेले उतार ठणठणीत दिसत होते. दोन दिवस मी पट्टी वर-खाली करत बसले. मग मूळ चित्र मोठं करून बघितलं तेव्हा उलगडा झाला: बर्फ. बर्फसुद्धा जवळचा अवरक्त प्रकाश फेकतो आणि लघुलहरी शोषतो, म्हणजे या हिशेबात बर्फ आणि हिरवं पान सारखंच ठरतं. 1987 चा उन्हाळा आणि 1989 चा उन्हाळा, शक्यतो एकाच पंधरवड्यातला, अशी जोडी घेतली तेव्हा कुठे खरा नकाशा उमटला.

त्या नकाशापुढे मी कितीतरी वेळ बसून होते. बातमीतला 36 टक्क्यांचा डाग मनात एकसंध काळा होता. इथे मात्र गोधडी होती. गडद लाल तुकडे, त्यांना लागून फिकट नारिंगी, मध्येच नखाएवढी हिरवी बेटं, ओढ्याकाठच्या हिरव्या रेघा, सूर्याकडे पाठ असलेल्या उत्तर उतारांवर टिकलेली झाडी. ही बेटं शोभेची नाहीत. जळालेल्या जागेत बी तिथूनच येणार. वाऱ्याने उडणारं पाईनचं बहुतेक बी कडेपासून शंभरेक मीटरच्या आत पडतं, म्हणजे माझ्या नकाशावर तीन-चार पिक्सेल. हे कळल्यावर लाल तुकडा किती मोठा यापेक्षा त्याच्या मधोमध उभं राहिलं तर हिरवी कड किती लांब, हे मी मोजायला लागले.

यलोस्टोनच्या लॉजपोल पाईनकडे याशिवाय आणखी एक सोय आहे. यातल्या बऱ्याच झाडांचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात आणि वर्षानुवर्षं फांदीवरच राहतात. वणव्याच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतात आणि राखेवर बी सांडतं. 1988 नंतर काही ठिकाणी हेक्टरी लाखांनी रोपटी उगवली ती अशी. तळ्यांच्या गाळातल्या कोळशाच्या थरांवरून आणि झाडांच्या वयांवरून कळतं, की इथे मोठे वणवे साधारण शंभर ते तीनशे वर्षांच्या अंतराने येत आले आहेत. म्हणून 1988 कडे बोट दाखवून 'हा बघा हवामान बदल' असं म्हणणं मला पटत नाही. तो उन्हाळा विलक्षण कोरडा होता, वारा भयानक होता, पण या जंगलाला असा वणवा नवा नव्हता. त्याच्या अंगात त्यातून उठायची तयारी होती.

मग मी 2016 कडे वळले. त्या ऑगस्टमध्ये उद्यानाच्या पश्चिम भागात मेपल फायर नावाचा वणवा लागला आणि सुमारे 18 हजार हेक्टरवर पसरला. तो बहुतांशी 1988 नंतर उगवलेल्या तरण्या जंगलात होता. तोवर वनरक्षकांमध्ये आणि अभ्यासकांमध्ये एक समज होता: असं कोवळं जंगल सहसा पेटत नाही, जुन्या वणव्याचा पट्टा नव्या वणव्याला जाळरेषेसारखा अडवतो. मी 2015 आणि 2017 ची चित्रं घेतली, तेच सूत्र चालवलं, आणि नकाशा आला जवळपास फिका. कुठे 0.1, कुठे त्याच्या किंचित वर. मला वाटलं, बरोबरच आहे, कोवळं जंगल, नुसतं होरपळलं असेल. वहीत तसं लिहूनही टाकलं.

आठवड्याने ताईला नकाशा पाठवला. तिचा लगेच फोन.

"उपग्रह कुठला हा?"

"लँडसॅट 8."

"आणि पट्टे कुठले घेतलेस?"

"चार आणि सात. आधी घेतले तेच."

"अगं, आठमध्ये चौथा पट्टा म्हणजे लाल. जवळचा अवरक्त पाचवा आहे."

लँडसॅट 5 मध्ये जो चौथा, तो लँडसॅट 8 मध्ये पाचवा. 2015 आणि 2017 च्या दोन्ही चित्रांत मी चुकीचाच पट्टा वापरला होता, त्यामुळे वजाबाकी केल्यावर फारसं काही उरलंच नव्हतं. आकडा बदलून पुन्हा चालवलं आणि पडद्यावर लालभडक तुकडा उभा राहिला. चूक साधी होती, पण ती आठ दिवस माझ्या नजरेतून सुटली, कारण चुकीचं उत्तर जुन्या समजुतीशी जुळत होतं. जे काही नकाशे करत असतील त्यांना कळकळीने सांगते: अपेक्षेप्रमाणे आलेला निकालच आधी तपासा. ऑक्टोबरचा बर्फ मी दोन दिवसांत शोधला तो निकाल विचित्र वाटला म्हणून.

त्या लाल तुकड्यावर 1988 ची सीमा ठेवली. दोन्ही थरांत जळालेले पिक्सेल वेगळ्या रंगात काढले. त्या जंगलाला शतकभराची उसंत हवी होती, मिळाली 28 वर्षं.

कोवळं जंगल पेटलं कसं? इथून मी हवेच्या हिशेबाकडे वळले. हवा तापली की तिची बाष्प धरायची क्षमता वाढते, दर अंशाला साधारण 7 टक्क्यांनी. पण झाडांना आणि पाचोळ्याला ती क्षमता जाणवत नाही. जाणवते ती क्षमता आणि हवेत प्रत्यक्ष असलेलं बाष्प यांच्यातली तूट. मी कागदावर मांडून बघितलं. 25 अंशाला हवा जास्तीत जास्त 3.17 किलोपास्कल बाष्पदाब पेलते. प्रत्यक्षात 1.2 असेल तर तूट 1.97. आता बाष्प तेवढंच ठेवा आणि तापमान फक्त 27 करा: क्षमता 3.57, तूट 2.37. दोन अंशांत तूट 20 टक्क्यांनी वाढली. वाळत घातलेल्या कपड्याला जे होतं तेच इथे काडीकाडीला होतं. पाचोळा तासांत वाळतो, काटक्या दिवसांत, जाड ओंडक्यांना आठवडे लागतात. बर्फ लवकर वितळला आणि उन्हाळा लांबला, तर ओंडक्यांना ते आठवडे मिळतात. मग जिवंत फांद्यांचाही ओलावा उतरतो आणि कोवळं झाडही सरपण होतं.

रात्रीचं मला आधी सुचलंच नव्हतं. पूर्वी रात्री हवा थंड व्हायची, ओल परत यायची, वणवा मंदावायचा आणि आग विझवणाऱ्यांना चार तास मिळायचे. रात्री उबदार आणि कोरड्या होत चालल्यात, तसे ते तासही कमी होत आहेत. दुष्काळ लांबला की ओढ्याकाठच्या आणि उत्तर उताराच्या ओलाव्यालाही ओहोटी लागते. म्हणजे गोधडीतली ती हिरवी बेटं, जिथून बी यायचं, तीच आधी धोक्यात येतात.

हे सगळीकडे एकसारखं घडत नाही. मी उत्साहाने ताईला सांगत होते तेव्हा तिने मध्येच अडवलं: "जगभरचं जळणारं एकूण क्षेत्र तर कमी झालंय, ते माहितेय ना?" खरं आहे. 1998 ते 2015 या काळात उपग्रहांच्या नोंदींत ते सुमारे पाव हिश्श्याने घटलं, मुख्यतः गवताळ प्रदेशांत शेती आणि चराई वाढल्यामुळे. गवताळ भागात कोरडेपणा दरवर्षीचाच. आग अडते ती जाळायला गवत कमी पडलं म्हणून. उंचावरच्या थंड जंगलात सरपण कायम भरलेलं, तिथे अडसर होता तो ओलाव्याचा. तापमानवाढ नेमका हाच अडसर काढून घेते. म्हणून दोन्ही भूप्रदेशांची एकत्र सरासरी काढली की जंगलाचं दुखणं त्या बेरजेत झाकलं जातं. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जंगलांपुरतं पाहिलं, तर 1984 ते 2015 दरम्यान माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे जळालेलं क्षेत्र जवळपास दुप्पट झालं, 42 लाख हेक्टरांची जास्तीची भर, असा 2016 चा अभ्यास सांगतो. कॅनडात 2023 च्या एका हंगामात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं.

पण माझं मन त्या दोनदा जळालेल्या पिक्सेलांपाशीच अडकलं होतं. 28 वर्षांच्या झाडावर शंकूंची शिल्लक जेमतेम साठायला लागलेली असते, आणि पातळ खोडाची बारकी झाडं जळून पार बुंध्यापर्यंत जातात. परिसंस्थांच्या अभ्यासक मोनिका टर्नर आणि त्यांचे सहकारी 1988 पासून या जंगलाचा माग घेत आले आहेत. 2016 मध्ये पुन्हा जळालेल्या जागी त्यांनी रोपटी मोजली, आणि 2019 मध्ये छापलं: नवी उगवण सरासरी सहापट कमी. गमावलेला कार्बन भरून यायला दीडशेहून जास्त वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज. टर्नर यांचाच सहभाग असलेल्या एका संशोधन गटाने 2011 मध्येच म्हटलं होतं, की तापमान असंच वाढत राहिलं तर या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या वणव्यांचं चक्र तीस वर्षांच्याही खाली येईल. ते वाचताना मला पहिल्यांदा खरंखुरं भय वाटलं, कारण माझ्या पडद्यावर 28 हा आकडा आधीच होता.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. या जंगलापुरतं तरी, क्षेत्र वाढण्याइतकंच दोन वणव्यांमधलं अंतर घटणं वाईट आहे, आणि ते हेक्टरच्या आकड्यात दिसतच नाही. ते दिसायला एकाच जागेची दोन चित्रं एकमेकांवर ठेवावी लागतात.

एक उणीव माझ्या नकाशात राहिली आहे, ती सांगायलाच हवी. अलीकडच्या उन्हाळ्यांची चित्रं घातली तर ते दोनदा जळालेले पिक्सेल पुन्हा हिरवे होताना दिसतात. पण ती हिरवाई गवताची आहे, रानफुलांची की रोपट्यांची, हे 30 मीटरचा पिक्सेल सांगत नाही. ते कळायला कोणीतरी तिथे गुडघ्यावर बसून रोपटी मोजावी लागतात. म्हणून त्या तुकड्याला मी 'सावरलं' हा रंग दिलेला नाही. राखाडी ठेवलाय, आणि हिरव्या कडेपासून चार पिक्सेलपेक्षा आत असलेल्या भागाला वेगळी रेघ मारली आहे. दर उन्हाळ्याचं चित्र त्यात घालायचं ठरवलंय. यंदाचं काल उतरवून घेतलं, तर नेमका त्या तुकड्यावर ढग. आठ दिवसांनी लँडसॅट 9 तिथून जाईल, तेव्हा पुन्हा बघेन.