डोंगरभर गवत आणि त्यातले पक्षी

दक्षिण आफ्रिकेतल्या ड्राकेन्सबर्ग डोंगरांतून परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "जंगल कसं होतं रे?" आणि मी सांगतो की जंगल फार नव्हतंच, गवत होतं, मैलोन्‌मैल गवत आणि वर काळे कडे. मग समोरच्याचा चेहरा पडतो. एवढा खर्च करून आफ्रिकेत गेलात आणि गवत बघून आलात? म्हणून म्हटलं एकदाचं सगळं नीट लिहून काढू.

ताईचंही पहिल्या दिवशी असंच झालं होतं. पायथ्याच्या अंडरबर्ग गावाला रात्री उशिरा पोचलो, सकाळी साडेपाचला ती लॉजच्या पडवीत उभी राहून समोर बघत होती, हिरव्या टेकड्या, मध्ये एक ओढा, लांबवर ती कड्यांची भिंत. म्हणाली, "अरे, इथे तर झाडंच नाहीयेत, पक्षी बसणार कुठे?" आणि पाचच मिनिटांत गवतातून एक काळा पक्षी उठला आणि आम्ही दोघं गप्प. तो होता लाँग-टेल्ड विडोबर्डचा नर. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, त्यांचा विणीचा मोसम, त्यामुळे सगळा काळाभोर झालेला, खांद्यावर लाल पट्टा, आणि शेपूट जवळजवळ अर्धा मीटर लांब. अंग त्यामानाने एवढंसं. उडताना इतका हळू उडतो की वाटतं आता पडेल, पंख जड जड मारतोय आणि खाली ती शेपूट काळ्या रिबिनीसारखी लोंबतेय. याच पक्ष्यावर माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने केनियात केलेला, १९८२ साली छापून आलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याने काही नरांच्या शेपट्या कापल्या, ते तुकडे दुसऱ्या नरांना चिकटवून त्यांच्या शेपट्या अजून लांब केल्या आणि मग कोणाच्या इलाख्यात जास्त माद्या घरटी करतात ते मोजलं. लांब शेपटीवाले जिंकले. हे सगळं वाचलेलं होतं, पण समोर तो पक्षी वाऱ्याशी झगडत आपली शेपूट सांभाळत जातो तेव्हा कळतं की हे किती महागाचं सोंग आहे, आणि ते लांबून दिसायला आधी मोकळं माळरान हवं, झाडीत ही शेपूट कोणाला दिसणार आणि अडकणार किती.

तर जागा सांगतो थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेचा क्वाझुलू-नाताल प्रांत आणि लेसोथो हा देश यांच्या मधोमध उभी असलेली ही रांग. ड्राकेन्सबर्ग म्हणजे ड्रॅगनचा डोंगर, पण मला झुलू नाव जास्त आवडतं, उखाहलांबा, भाल्यांची भिंत. खालून बघितलं की पटतं. खाली फिकट वालुकाश्म, ज्याच्या कपारींमध्ये इथल्या मूळच्या सान लोकांनी काढलेली चित्रं आहेत, आणि त्याच्यावर साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने सरळ कडा आणि वर गेलं की लेसोथोचं पठार, तिथलंच थाबाना न्टलेन्याना हे शिखर ३,४८२ मीटर, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचं सगळ्यात उंच. २००० साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा केलं आणि २०१३ मध्ये त्याला लेसोथोचं सेहलाबाथेबे उद्यान जोडलं.

जंगल अगदीच नाही असं नाही हां. जिथे आग पोचत नाही अशा ओल्या घळींमध्ये आणि खाली धुक्याच्या पट्ट्यात यलोवूडची जुनी झाडी शिल्लक आहे, आणि तिथे केप पॅरट राहतो. आम्ही एका पहाटे त्याच्यासाठी गेलो, धुकं इतकं की शेजारचा माणूस दिसेना, नुसते वरून आवाज गेले, मग दहा सेकंद धुकं फाटलं आणि चार हिरवे पोपट दिसले, संपलं. यलोवूडच्या कच्च्या फळातली बी फोडून खाणारा पक्षी, घरट्यालाही त्याच झाडांच्या वाळलेल्या खोडातल्या ढोल्या लागतात, आणि ती मोठी झाडं वसाहतीच्या काळात तोडून नेली. जगात दोन हजारही उरले नसावेत असा अंदाज आहे.

पण मला जे सगळ्यात जास्त लागलं ते उलटं होतं. पायथ्याच्या रस्त्याने जाताना मैलभर, दोन मैल दोन्ही बाजूंना पाइन आणि निलगिरी, एका रेषेत लावलेली, एका उंचीची. ताई म्हणाली, "चला, इथे तरी हिरवळ राखलीय." आमचा गाईड पन्नाशीचा, शांत माणूस, त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "काच खाली करा आणि ऐका." काहीही नाही. एक पक्षी नाही. मग त्याने सांगितलं की हे सगळं गवत होतं, कागदासाठी आणि लाकडासाठी ही झाडं लावली. इथल्या धुक्याच्या पट्ट्यातल्या गवतात ब्लू स्वॅलो यायची, गडद निळी भिंगरी, ती घरटं करते जमिनीखाली, आर्डवार्कने, म्हणजे जमीन खणून वाळवी-मुंग्या खाणाऱ्या प्राण्याने, खणून सोडलेल्या बिळांच्या छताला चिखल लावून. गवत गेलं की आर्डवार्क गेला, बीळ गेलं, भिंगरी गेली. दक्षिण आफ्रिकेत आता तिच्या फार थोड्या जोड्या राहिल्यात. म्हणजे झाडं तोडून नाही, झाडं लावून एक पक्षी संपत आणलाय. मला हे आधी माहीतच नव्हतं आणि मी दहा वर्षं झाडं लावा झाडं लावा म्हणत फिरलोय. चूक झाडं लावण्यात नाही, गवताला रिकामी जागा समजण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सानी पास, लेसोथोत चढणारा घाट. इथे फोर बाय फोर गाडीच लागते, पासपोर्ट सोबत हवा कारण मधे बॉर्डर आहे, खाली दक्षिण आफ्रिकेचं ठाणं आणि माथ्यावर लेसोथोचं. पायथा दीडेक हजार मीटरवर, माथा २,८७६ वर, आणि मधला रस्ता म्हणजे दगड आणि वळणं. वर जाताना तासाभरात तीन-चार वेगळे मुलूख लागतात. पाचशे मीटर चढलं की पक्षी बदलले, अजून तीनशे चढलं की परत बदलले, त्यामुळे गाईड दर दहा मिनिटांनी थांबवत होता आणि आम्हाला हवंच होतं ते.

खालच्या उतारांवर प्रोटियाची झाडं, वाकडीतिकडी, माणसाच्या उंचीपेक्षा थोडी मोठी, गवतात लांब लांब उभी. त्यांच्यावर गर्नीज शुगरबर्ड. तांबूस छाती, लांब वाकडी चोच, शेपटीखाली पिवळा धमक ठिपका, फुलात तोंड घालून मधेच मान वर काढून इकडेतिकडे बघणार, चोचीवर पराग चिकटलेले. जगात शुगरबर्ड फक्त दोन जातींचे आणि दोन्ही याच टोकाला. त्याच फुलावर मॅलकाइट सनबर्डही आला, हा आपला शिंजीरच पण चांगला मोठा, अख्खा पाचूसारखा हिरवा आणि शेपटीची दोन पिसं लांब, त्याने शुगरबर्डला हुसकावलं, मग शुगरबर्डने त्याला, हे पंधरा मिनिटं चालू होतं.

प्रोटियाच्या बुंध्यावर हात फिरवून बघा म्हणाला गाईड. साल जाड, खडबडीत, आणि खालचा भाग काळा पडलेला. जळलेला. तिथे हे गवत मधूनमधून जाळावं लागतं, उद्यानवाले पट्टे पाडून आलटून पालटून जाळतात, न जाळलेलं गवत स्वतःच्याच वाळक्या पात्यांखाली गुदमरून जातं आणि नवीन फुटवा येत नाही. वीज पडूनही आगी लागतातच, हजारो वर्षं लागतायत. प्रोटिया त्या जाड सालीमुळे तगतो. आणि जळून काळं झालेल्या जमिनीवर हिवाळ्याच्या शेवटी कोण येतं तर सदर्न बाल्ड आयबिस, टकला शराटी, लाल टाळू, लाल चोच, अंगावर हिरवी चकाकी. कड्यांवर त्यांची पिल्लं असतात त्याच सुमारास खाली गवत जळलेलं असतं, किडे उघडे पडलेले असतात, त्यामुळे पिल्लांचं पोट भरतं. आम्ही गेलो तेव्हा सगळं हिरवं झालेलं, पण खालच्या कुरणात अकरा शराटी चरत होते, लाल टाळवा वर खाली, वर खाली.

झाडं संपली आणि खडक सुरू झाले. इथे सुतारपक्षी भेटला, झाड नसलेल्या जागी सुतारपक्षी! ग्राउंड वुडपेकर. राखाडी डोकं, पोटाला गुलाबी लाली, खडकावर पहाऱ्याला बसलेला एक आणि खाली जमिनीत चोच खुपसणारे दोघं. मुंग्या आणि मुंग्यांची अंडी खातो, घरट्यासाठी मातीच्या दरडीत बोगदा खणतो, झाडावर त्याचं काही कामच नाही. कर्कश ओरडला आणि तिघं एकदम खडकामागे.

आणि मग रॉकजंपर. याच्यासाठी मी दोन वर्षं पैसे साठवले होते, सांगून टाकतो. रॉकजंपरच्याही जाती दोनच, एक केपकडे आणि एक हा, ड्राकेन्सबर्ग रॉकजंपर, दक्षिण आफ्रिका आणि लेसोथो सोडून जगात कुठे नाही. माथ्याच्या थोडं खाली एका वळणावर गाडी बंद केली आणि शिट्टी ऐकू आली, भराभर एकामागे एक, बारीक. शोधतोय शोधतोय, आणि तो रस्त्याकडेच्या दगडावरच होता, आमच्यापासून पाच-सहा पावलांवर. काळा गळा, त्याच्या कडेने पांढरी मिशी ओढल्यासारखी रेघ, पोट नारिंगी, डोळा लालसर. शेपूट उंच करून उभा राहिला, मग पळाला, म्हणजे उडालाच नाही, एका दगडावरून खाली, फटीतून आत, दुसऱ्या दगडावर वर, पाय इतके जोरकस की रबरी चेंडू टप्पे खात जावा तसा. पंख आखूड, नुसता उतारावर तरंगत जाण्यापुरते. मागून फिकट रंगाची मादी आली, चोचीत एक नाकतोडा, आणि दगडाच्या फटीतून एक पिल्लू बाहेर आलं, शेपूट अजून अर्धीच, त्याने तोंड वासलं. नाकतोड्याचा एक पाय त्याच्या चोचीबाहेर राहिला होता आणि ते तसंच तो पाय बाहेर ठेवून आमच्याकडे बघत बसलं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर दुखत होता. फोटो मी काढलेच नाहीत, सुचलंच नाही.

माथ्यावर पोचलो तर थंडी, वारा, आणि बुटकी झुडपं, हेलिक्रायसम आणि हेदरसारखी, गुडघ्याच्या वर काही नाही. ब्लँकेट गुंडाळलेले बासोथो, म्हणजे लेसोथोचे, मेंढपाळ, मेंढ्या, कुत्री, गोल दगडी घरं. जमीन जागोजागी स्पंजसारखी ओली, पाय टाकला की पाणी येतं, लेसोथोच्या अशाच डोंगरी दलदलींमधून सेन्कू म्हणजे पुढची ऑरेंज नदी उगम पावते. त्या ओलीच्या कडेला आइस रॅट, गुबगुबीत उंदीर, हिवाळ्यात बर्फ पडतं तरी झोपी जात नाहीत, ऊन आलं की बिळाच्या तोंडाशी बसून अंग शेकतात. आणि त्यांच्यावर डोळा ठेवून वर जॅकल बझर्ड हा शिकारी पक्षी. मेंढ्या जास्त झाल्या की गवत उघडं पडतं आणि दलदल सुकते, हे दिसत होतं, पण त्या मेंढपाळाचं सगळं घर त्या मेंढ्यांवर आहे हेही दिसत होतं, आणि हा गुंता बाहेरून आलेल्या माणसाने दोन वाक्यांत सोडवू नये.

गिधाडाच्या गोष्टीतही हेच मेंढपाळ आहेत. लॅमरगायर, दाढीवालं गिधाड. मेलेल्या जनावराची हाडं हेच त्याचं मुख्य अन्न, मोठं हाड असेल तर उंच नेऊन ठरलेल्या कातळावर टाकतं, फुटेपर्यंत परत परत. मेंढ्या आहेत म्हणून हाडं आहेत. पण जनावरं मारणाऱ्या कोल्ह्या-कुत्र्यांसाठी कोणी मांसात विष घातलं तर तेही मरतं, नवीन विजेच्या तारांवर आपटून मरतं, पारंपरिक औषधांसाठीही मारतात. एकेकाळी ते पार केपपर्यंत होतं, आता दक्षिण आफ्रिका आणि लेसोथो मिळून शंभरेक विणणाऱ्या जोड्या, आणि त्या सगळ्या याच डोंगरात. अंडी दोन घालतं पण मोठं पिल्लू धाकट्याला मारून टाकतं, दुसरं अंडं म्हणजे नुसता विमा. म्हणून आता काही घरट्यांमधलं ते दुसरं अंडं कड्यावरून दोराने उतरून काढून आणतात आणि पिल्लू पिंजऱ्यात वाढवतात. घरट्यातलं एक तसंही जगणार असतं, हे दुसरं वाया जाणारं वाचतं. मला यात फार मोठी हुशारी दिसते, आणि त्या दोरावर लटकणाऱ्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

आम्ही कड्याच्या टोकाशी बसलो होतो, पाय आत घेऊन, डबा उघडलेला. डोमकावळे, पांढऱ्या मानेचे, घिरट्या घालत होते. दीड तास काही नाही. मग गाईड हळूच म्हणाला, "डावीकडे, खाली." ते खालून येत होतं, त्यामुळे आधी पाठ दिसली, राखाडी-काळी, अडीच मीटरच्या वर पंख आणि पाचरीसारखी शेपूट. एकदाही पंख न हलवता कड्याच्या रेषेवर चढत आलं आणि आमच्या डोळ्यांच्या पातळीला आलं, इतकं जवळ की पिसांतून जाणारा वारा ऐकू आला. छाती गंजासारखी तांबडी. तो रंग त्याचा स्वतःचा नसतो, लोहाच्या तांबड्या चिखलात अंघोळ करून लावून घेतलेला असतो, पिंजऱ्यात वाढलेली पांढरीच राहतात. चोचीखाली काळी दाढी. आणि डोळा, फिकट पिवळा, भोवती लाल कडं, तो डोळा आमच्यावरून फिरला, डब्यावरून फिरला, आणि पक्षी पुढे गेला.

उतरताना दुपारचे ढग आले आणि रस्ता दिसेना. रॉकजंपरच्या वळणावर ताई म्हणाली, "दादा, एक मिनिट थांबवा ना," मराठीतच म्हणाली, पण गाईडला कळलं. त्याने इंजिन बंद केलं. काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून ती शिट्टी येत होती, भराभर, बारीक, आधी एक आणि मग तिला उत्तर देणारी दुसरी.